एकोणीस घरांचा भिका

डहाणूच्या बाजारात कोणी नाव विचारलं की भिकाकाका आधी "हां तं" म्हणतो, मग नाव सांगतो. हा "हां तं" त्याच्या प्रत्येक वाक्याच्या दारात उभा असतो. आमच्या पाड्यातली शेंबडी पोरंही त्याची नक्कल करतात. मागे एका कार्यालयात साहेबांनी विचारलं, "भिका? म्हणजे भीक मागणारा?"

"हां तं. मागणारा नाही साहेब, मागून आणलेला."

साहेब हसले. भिकाकाका हसला नाही.

त्याच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. चौथ्या वेळी त्याची आई, सुकी, हातात सूप घेऊन पाड्यातल्या प्रत्येक दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला पोर भीक घाला." प्रत्येक घराने मूठभर तांदूळ घातले. त्याची पेज ती प्यायली आणि पोराचं नाव भिका ठेवलं. पोर आता तिचं एकटीचं राहिलं नव्हतं, पाड्याचं झालं होतं. सगळ्यांच्या पोराला कोण उचलून नेणार? नियम दोनच. एकही दार वगळायचं नाही, आणि शब्द मोठ्याने म्हणायचे.

यंदा होळीनंतर भिकाकाकाची सून जयवंती तिसऱ्यांदा बाळंत झाली. पहिली दोन्ही बाळं आठवड्याभरातच गेली होती. हा तिसरा, चौदाशे ग्रॅमचा, डहाणूच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. जयवंती त्याच्यापाशी बसून होती. भिकाकाकाने सूप खाली काढलं.

मुलगा तुषार कपडे न्यायला घरी आला होता. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टर आहेत ना. हे कशाला आता?"

"हां तं, डॉक्टर त्यांचं काम करतात, मी माझं करतो. आमचं दोघांचं काय भांडण आहे?"

दुपारपर्यंत सुपात तांदळाचा ढीग झाला. "हां तं, मला पोर भीक घाला," असं तो दारोदारी म्हणत होता. रूपीमावशीने मूठ घालता घालता विचारलंसुद्धा, "एवढ्या वयात अजून पोर हवंय का रे तुला?" तो हसला, पुढच्या दाराला गेला.

घरी आल्यावर बायकोने, धाकलीकाकीने, सुपाकडे बघून विचारलं, "किती घरं झाली?"

"हां तं, अठरा."

"पाड्यात एकोणीस आहेत."

"हां तं, ताडापलीकडचं घर कसलं आपलं?"

ताड आता तिथे नाही. भिकाकाका आणि पलीकडच्या घरातला हाल्या यांच्या सीमेवरचा तो ताड हाल्याने अकरा वर्षांपूर्वी न विचारता तोडला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"मग पेज शिजणार नाही," काकी म्हणाली आणि चुलीपासून उठून गेली.

तेवढ्यात दवाखान्यातून जयवंतीचा फोन आला. बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरत होतं. तुषार तसाच पळाला. भिकाकाका उठला. सूप उचलून चालू लागला.

हाल्या ओट्यावर टोपली विणत होता. मान वर न करता नाकातून बोलला, "पाणी हवंय?"

"हां तं, नको."

"मग ताडाचं काढायला आलास?"

भिकाकाका सूप धरून उभा. शेजारच्या दोन घरांतल्या बायका हातातलं काम सोडून बाहेर आल्या. त्याने सूप पुढे केलं. मग तो बोलला, आणि "हां तं" न लावता बोललेलं त्याचं तेवढं एकच वाक्य आम्ही ऐकलंय.

"मला पोर भीक घाल, हाल्या."

हाल्याने टोपली बाजूला ठेवली. आत गेला. बाहेर आला तेव्हा मूठ गच्च आवळलेली होती.

"तुझ्या वेळी माझ्या आईने घातली होती," मूठ सुपात सोडत तो म्हणाला. "लक्षात ठेव, आता हे पोर माझंही आहे. उद्या भांडलास तर पोरातली माझी वाटणीही मागायला येईन."

"हां तं," भिकाकाका म्हणाला.

पेज शिजली. डब्यातून डहाणूला गेली. जयवंतीने मोबाइलवर शोधून ठेवलेलं नाव बाजूला ठेवलं आणि पेज पिता पिता पेटीतल्या बाळाला पहिल्यांदा हाक मारली, "भिका."

सव्वीस दिवसांनी बाळ घरी आलं. ताडाबद्दल दोघं अजूनही बोलत नाहीत. पण हाल्या रोज सकाळी शेताकडे जाताना अंगणाच्या कडेला थांबतो आणि कोणाकडेही न बघता विचारतो, "माझी मूठ दूध प्यायली का?"

घरातून जयवंती सांगते, "प्यायली."

मग तो पुढे जातो.