रविवारी चारच्या शुभेच्छा

रोसांदाला मी तेवीस वर्षं कॅमेऱ्यातून पाहिलं आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क तिच्या नवऱ्यापेक्षा मला जास्त आहे. त्याला ती चुलीपाशी पाठमोरी दिसायची, मला समोरून आणि भरपूर उजेडात.

आमचं टीव्ही केंद्र वर्बोवाच या छोट्या शहरात, बंद पडलेल्या कापड गिरणीच्या कॅन्टीनमध्ये होतं. ब्याण्णव साली आम्ही पाच जण तिथे घुसलो. एक कॅमेरा, एक टेपचं मशीन आणि टेकडीवर एक ट्रान्समीटर, एवढाच पसारा. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांवर घरोघरून मागून आणलेल्या रजया ठोकल्या. नगरपालिकेच्या सभा आम्ही थेट दाखवायचो. कोण बोललं यापेक्षा कोण झोपलं हे लोक बघायचे, म्हणून नगरसेवक आमच्यावर खार खाऊन असायचे. हवामान सांगायच्या आधी रोसांदा एक रजई उचलून बाहेर डोकावायची. तिचा अंदाज राजधानीतल्या चॅनेलपेक्षा बरा निघायचा.

पण लोक खरं आम्हाला पाहायचे ते शुभेच्छांसाठी. बारसं असो, लग्न असो, घराच्या रक्षक संताचा सण असो, नाहीतर मुलगा सैन्यात निघालेला असो, माणसं काउंटरवर येऊन चिठ्ठी लिहायची, गाणं सांगायची, आणि रविवारी चार वाजता रोसांदा ती वाचायची. नावांना क्रम असायचा. आधी मुलाचा धर्मपिता, मग आजी-आजोबा, मग काका-आत्या, शेवटी शेजारी. एखादं नाव वरखाली झालं तर त्या घरात वर्षभर धुसफूस चालायची. चार वीसला मालगाडी जायची आणि स्टुडिओ हादरायचा. तेवढ्या वेळापुरती रोसांदा बोटाने खूण करायची आणि मी लांबलचक गाणं लावायचो.

"माझ्या हातून आजवर एक नाव गळलेलं नाही," असं ती म्हणायची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची, मला दर महिन्याला. टेपा महाग, म्हणून आम्ही जुन्यांवरच पुन्हा रेकॉर्ड करायचो. चिठ्ठ्या मात्र तिने बुटांच्या खोक्यांत वर्षवार जपून ठेवल्या होत्या. उद्या कुणी भांडायला आलं तर हातात पुरावा हवा, हा हिशेब.

दोन हजार पंधरा साली अँटेनाचं जुनं प्रक्षेपण बंद झालं. केबलवाल्यांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत दोन हजार घरांच्या सह्या आणा, तर तुमचं चॅनेल यादीत घेतो, नाहीतर राम राम. आम्ही दारोदार फिरलो आणि सोळाशेवर अडकलो. उरलं एकच मोठं गाव, दुबोविक. तिथल्या एकाही घराने सही केली नव्हती, कारण तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा स्तामेनाबाई. त्यांच्या शब्दाशिवाय दुबोविकमध्ये पान हलत नाही.

रोसांदा आणि मी त्यांच्याकडे गेलो. त्या अंगणात लाल मिरच्या भाजत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"सही हवी होय? सत्त्याण्णव साली माझा भाचा ल्युबिशा सैन्यात निघाला, तेव्हा मांडवात दोनशे माणसं होती. मधोमध टीव्ही लावलेला. मी नवा रुमाल बांधून पहिल्या खुर्चीत. त्या पोराला पाळण्यात मी झोपवलंय, बाई. सगळ्यांची नावं आली, ट्रॅक्टरवाल्याचंसुद्धा आलं. माझं नाही आलं. तशीच उठले, माझ्या हातच्या चीज घातलेल्या गिबानित्साचं ताट उचललं आणि घरी आले."

"जे लिहिलं होतं ते मी वाचलं," रोसांदा म्हणाली. "तुमच्या भावाने तुमचं नाव लिहिलंच नव्हतं."

"झिवादिन शपथ घेतो, लिहिलं होतं म्हणून."

"मग तो खोटं बोलतो."

"अठरा वर्षं मीही तेच म्हणतेय. म्हणून तर त्याच्याशी बोलत नाही." त्यांनी एक मिरची उलटली. "पण तुलाही अक्कल नको? आत्याशिवाय कुणाचा निरोप समारंभ होतो का? विचारायचं तरी होतंस."

परतीच्या वाटेवर रोसांदा धुमसत होती. "थांब, ती चिठ्ठीच आणून तिच्या नाकासमोर धरते. मग झक मारत सही करेल."

सत्त्याण्णवचं खोकं तिने स्वतः काढलं. चिठ्ठी सापडली. कागद वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरांनी भरला होता आणि शेवटची ओळ होती, 'शेजारी मिलोराद, ट्रॅक्टरसह'.

"बघ, तिहो. आहे का कुठे स्तामेना?" तिने कागद माझ्या हातात दिला. "याचा चांगला मोठा फोटो काढून दे."

मी तो दिव्यासमोर धरला, तर मागून अक्षरं दिसली. मी कागद उलटा केला. झिवादिनला जागा पुरली नव्हती. मागे लिहिलं होतं: 'आणि सगळ्यात जास्त आत्या स्तामेनाकडून, जिने त्याला पाळण्यात झोपवलं. तिचं नाव शेवटी वाचा, म्हणजे लोकांच्या लक्षात राहील.'

रोसांदाने कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

"चार वीसची गाडी येत होती," ती म्हणाली. "मी गाण्याची घाई केली. कागद उलटलाच नाही."

आमचा संचालक रातोमिर दारात उभा राहून ऐकत होता. "फाडून टाक," तो म्हणाला. "कुणाला माहितेय? तू कबूल केलंस तर दुबोविक तर गेलंच, पण बाकीचेही खोकी उघडायला लावतील. आमची कुठली नावं खाल्लीस म्हणतील."

मलाही ते पटलं. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

"एका माणसाला मी अठरा वर्षं खोटारडा ठरवला रे," रोसांदा म्हणाली. "काल तर त्याच्या बहिणीच्या दारात उभी राहून."

रविवारी चारला तिने नेहमीच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग आधी ठरलेली खूण मला केली, म्हणजे कॅमेरा जवळून घे. तिने सगळं सरळ सांगितलं. झिवादिनने नाव लिहिलं होतं, मी वाचलं नाही, आणि वर त्यालाच खोटं पाडलं. मग तिने ती चिठ्ठी पहिल्यापासून वाचायला घेतली. त्यातले सात जण आता दफनभूमीत आहेत, पण तिने एकालाही गाळलं नाही. ट्रॅक्टरपर्यंत आली आणि गाडीचा आवाज सुरू झाला. रजया थरथरायला लागल्या. माझा हात सवयीने गाण्याच्या बटणाकडे गेला, तर तिने मान हलवली. कॅमेऱ्यासमोर कागद उलटला आणि मागची बाजू गाडीच्या वर आवाज चढवून वाचली.

नंतर दहा मिनिटं फोन वाजला नाही. रातोमिर कपाळाला हात लावून बसला. मग वाजला, तेव्हा रोसांदानेच उचलला. स्तामेनाबाईंचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता.

"त्या मेल्या गाडीमुळे नीट ऐकू नाही आलं. पुढच्या रविवारी परत वाच."

"वाचते."

"नीट वाच. झिवादिन इथेच बसलाय माझ्यासमोर, त्यालाही नाही ऐकू आलं."

आणि त्यांनी फोन ठेवला. रोसांदाने रिसीव्हर हातातच धरून ठेवला होता, मी काढून जागेवर ठेवला.

गुरुवारी स्तामेनाबाई स्वतः बसने आल्या. पिशवीतून मिरच्यांच्या चटणीची बरणी काढली, मग सह्यांचे कागद. सह्या चारशे अकरा होत्या. रातोमिरने त्या तीनदा मोजल्या आणि प्लमची दारू आणायला पळाला. केबलवाल्यांच्या यादीत आम्ही अजूनही आहोत, शेवटच्या नंबरावर का होईना.

जाता जाता त्यांनी रविवारसाठी एक चिठ्ठी दिली, भावाच्या नावाने. नातेवाइकांची लांबलचक रांग होती. रोसांदाने ती तळापर्यंत नजरेखालून घातली आणि ट्रेमध्ये ठेवायला लागली. स्तामेनाबाई काउंटरसमोरून हलेनात.

"उलट, बाई, उलट. अजून शिकली नाहीस?"

मागे एकच ओळ होती: 'आणि रोसांदाला, सगळ्या दुबोविककडून.'

तेवीस वर्षं ती लोकांची नावं वाचत होती. तिच्या नावाची चिठ्ठी कुणी कधी दिली नव्हती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. रविवारी तिने कबूल केल्याप्रमाणे आधी जुनी चिठ्ठी परत वाचली. मग नव्या चिठ्ठीची पुढची बाजू छान वाचली, कागद उलटला, तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून बोटाने खूण केली. मी गाणं लावलं. गाडीला अजून बारा मिनिटं अवकाश होता.