सव्वीस भागिले सोळा

"गुबुगुबु, गुबुगुबु. सांग गं, सव्वीस?"

प्रसाद सर बोटांनी मीटिंगच्या टेबलावर ढोलकं वाजवत होते. मी उठून उभी राहिले. "एक पॉइंट सहा दोन पाच." समोरच्या पाहुण्यांपैकी एकाने मोबाइलवर भागाकार करून पाहिला. बरोबर होतं. सगळे हसले. मग बावीस. तेरा. छत्तीस. मी सांगत गेले. बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात, आठव्या मजल्यावर, मी महिन्यातून दोनदा तरी अशी उभी राहायचे. नवं गिऱ्हाईक आलं की चहा, बिस्किटं आणि मी.

माझं काम साधं आहे. डिझायनर वेबसाइटचं चित्र काढून देतात. त्यात अक्षरांची मापं पिक्सेलमध्ये असतात. मी ते चित्र कोडमध्ये उतरवते, तेव्हा पिक्सेलचे रेम करते. सोळा पिक्सेलचा एक रेम. म्हणजे प्रत्येक आकड्याला सोळाने भागायचं. बाकीचे कॅल्क्युलेटर उघडतात. मला लागत नाही. माझ्या आज्जाचा जन्म आण्यांत गेला. रुपयाचे आणे सोळा. चौदा म्हणजे रुपयाला दोन आणे कमी, हे त्याने मला बोटांवर शिकवलं होतं. एकदा कौतुकाने मी ते सरांना सांगून बसले.

सर पुण्याचे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आज्जा काय करायचा, त्यांनी विचारलं. आडनावावरून काही कळत नाही म्हणाले. मी खरं सांगितलं. आम्ही नंदीवाले, निपाणीकडचे. आज्जा बैल घेऊन, ढोलकं गुबुगुबु वाजवत दारोदार फिरायचा. पाऊस पडेल का, विचारायचा. बैल मान हलवायचा. लोक सुपातून जोंधळे घालायचे.

"म्हणजे आमच्याकडेही एक नंदीबैल आहे म्हणायचं," सर म्हणाले.

त्या दिवसापासून गुबुगुबु सुरू झालं. बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, सर लाडाने काहीतरी म्हणतात. पहिल्यांदा मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

सोडून का गेले नाही? दोन वर्षांचा बॉन्ड. दहावीपासून पदवीपर्यंतच्या मूळ मार्कशीट सरांच्या कपाटात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्या कागदांशिवाय आपण कोणीच नाही, असं मला वाटायचं. गावी आई सांगत फिरायची, पोरगी साहेब लोकांसमोर उभी राहून बोलते. तिला काय सांगणार? कोरमंगलाच्या पीजीत आम्ही चौघी एका खोलीत. रडायलाही जागा नव्हती. सकाळी ऑफिसच्या दारावर कार्ड लावायचं, आत जायचं. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत.

मागच्या महिन्यात एका मोठ्या दवाखान्याची मंडळी आली. पेशंटांनी नंबर लावायची त्यांची वेबसाइट आम्ही करतोय. ढोलकं वाजलं. मी उभी राहिले, चार आकडे सांगितले. त्यांच्यातल्या एक वयस्कर डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी हिंदीत थेट मला विचारलं, पण हे रूपांतर करायचंच कशाला?

मला माहीत होतं. आमच्या टेस्टिंगच्या मंजुळक्का आनेकलहून बसने येतात. त्यांची नजर अधू आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्यांनी अक्षर मोठं करून ठेवलंय. पिक्सेलमध्ये बांधलेलं अक्षर त्यांच्यासाठी वाढतच नाही. रेममधलं वाढतं. वाचणाऱ्याने ठरवलेलं माप ते मानतं. म्हणून करायचं.

मी तोंड उघडलं. सर मधेच म्हणाले, "मॅडम, ये सिर्फ नंबर बताती है. समझाना मेरा काम है."

आणि त्यांनी समजावलं. म्हणाले, रेममुळे पान लवकर उघडतं. साफ चूक.

मी उभीच होते. मला आज्जाचा बैल आठवला. त्याला पावसातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो बिचारा मान हलवायचा. मला तर कळत होतं. मग मी का हलवत होते?

सरांची बोटं पुन्हा टेबलावर. "सांग गं, अठ्ठावीस?"

उत्तर जिभेवर होतं. मी दात आवळले.

"नाही सांगणार."

मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले. "मेरे दादा नंदीबैल लेके घूमते थे. इसलिए ये मुझे बैल की तरह नचाते हैं. मैं इंजीनियर हूँ. आपके सवाल का जवाब मेरे पास है."

मी खुर्ची ओढून बसले आणि बसून उत्तर दिलं. सरांनी सांगितलं ते चूक आहे, हेही सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टरबाईंनी वहीत काही लिहून घेतलं. बाकीचे कपात बघत राहिले.

पाहुणे गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मार्कशीट कुठे आहेत ते लक्षात आहे ना, म्हणाले. आहे, मी म्हणाले.

"तुम्हा लोकांना इथपर्यंत कोण येऊ देतं, याचा जरा विचार कर."

"कोणी येऊ दिलं नाही, सर. मी परीक्षा देत देत आले."

मी बाहेर आले. मंजुळक्कांनी विचारलं, "सरी ना?" नाही म्हणाले. काहीच ठीक नव्हतं.

आता मला मीटिंगला बोलावत नाहीत. कोणालाच नको असलेली पानं माझ्या वाट्याला येतात. बॉन्डचे अकरा महिने उरलेत, आणि ते इथेच काढावे लागणार. मार्कशीटच्या दुसऱ्या प्रतींसाठी मी बोर्डाकडे आणि विद्यापीठाकडे अर्ज केलाय. कारणाच्या रकान्यात 'हरवल्या' लिहा, असं मैत्रिणी म्हणत होत्या. मी 'कंपनीने अडकवून ठेवल्या' असं लिहिलं. काम मी करीन, चोख करीन. पण कोणाच्या करमणुकीसाठी उभी राहणार नाही. पुन्हा कोणी टेबल वाजवलं, तर तिथे काय चाललंय ते मी खोलीतल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत सांगेन.