गोकुळदासच्या चिठ्ठ्या

डिचोलीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे तिघे होते, पण खरं सांगणारा एकच, तो गोकुळदास. त्याच्या दुकानातून परत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. ‘दोष: आत पाल मेली होती.’ ‘दोष: मालकाने स्वतः उघडून पाहिले.’ गिऱ्हाईक ओशाळवाणं हसे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच येई. गोकुळदासला दुसरी कसली ऐट नव्हती. शर्टावर खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ असे, चष्म्याची काडी तारेने बांधलेली असे, पण चिठ्ठीवरचं अक्षर टपोरं.

सत्त्याऐंशी साली गोवा राज्य होणार म्हणून गावात समारंभ ठरला आणि समितीचं पहिल्याच बैठकीत बिनसलं. स्वागतगीत मराठीत की कोकणीत? याच वादापायी दोन वर्षं सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचा चहा घेत नव्हते. भांडायचे मात्र दोन्ही पक्ष कोकणीतच. शेवटी कुणीतरी तोडगा काढला की सगुणबाब हवाईयन गिटार वाजवतील. गिटारीला शब्द नसतात.

सगुणबाब खाणीवरच्या वीस ट्रकांचे मालक. बावीस वर्षं ते गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी कांडी सरकवत नाट्यपदं वाजवत आले होते. त्यांचा जुना, व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर म्हापशाच्या एका बँडवाल्याचा. तो लिस्बनला निघाला तेव्हा यांनी विकत घेतलेला. ऐकणारे डोळे मिटून माना डोलावत, कारण बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी सगुणबाबांच्या ट्रकवर होतं.

समारंभाला महिना असताना त्यांनी तो अ‍ॅम्प्लिफायर गोकुळदासकडे आणून टाकला. आवाज हल्ली घोगरा येतो, आत काय घालायचं ते घाल, पण गोड कर, असं सांगून गिटारही ठेवून गेले.

गोकुळदासने मागची फळी काढली. व्हॉल्व्हच्या काचा आतून काळवंडल्या होत्या. नवे आता बनतात कुठे? तो मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस पायपीट करून जुन्या साठ्यातले कोरे व्हॉल्व्ह मिळवले आणि टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन परत आला. खोबणी स्पिरिटने पुसल्या, व्हॉल्व्ह बसवले, आत लालसर उजेड येईपर्यंत थांबला आणि एक तार छेडली. आवाज इतका स्वच्छ आला की समोर पाव विकणाऱ्या पोदेराचा हात पिशवीतच थांबला. आपल्या हातून एवढं चोख काम आजवर झालं नव्हतं, असं गोकुळदासला वाटलं, आणि ते खरंच होतं.

मग सगुणबाब आले आणि वाजवायला बसले.

थकलेल्या व्हॉल्व्हनी इतकी वर्षं जे झाकलं होतं, ते नव्यांनी चव्हाट्यावर आणलं. कांडी प्रत्येक सुराच्या जरा अलीकडेच थांबत होती, पाहुणा उंबरठ्याशी येऊन माघारी जावा तशी. पोदेर पुन्हा पाव मोजू लागला.

“म्हजी गिटार अशी केन्नाच वाजूंक ना,” सगुणबाब म्हणाले.

गोकुळदासने जन्मात कुणाचा दोष लपवला नव्हता. “व्हॉल्व्ह बरे आसात, सगुणबाब. कांडी मातशी फुडें व्हरात.”

कांडी जराशी पुढे न्या, असं बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं; सगुणबाब गिटार तिथेच ठेवून उठले. दिवस मावळायच्या आत बाजारभर झालं की गोकुळदासने बनावट व्हॉल्व्ह घातले. दुसऱ्या दिवशी सर्वण गावचा धाकू आपला रेडिओ दुरुस्त न करताच घेऊन गेला. मग आणखी दोघे. वीस वर्षांचं नाव चार दिवसांत धुळीला मिळालं, तेही खरं बोलल्यामुळे. गोकुळदासला राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. त्या नावाखेरीज त्याच्यापाशी होतं काय?

बायको कमलाक्षी जेवण वाढताना एवढंच म्हणाली, की जुने व्हॉल्व्ह डब्यात असतीलच ना.

पाचव्या दिवशी त्याने दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि काळवंडलेले व्हॉल्व्ह परत बसवले. सगुणबाबांना निरोप धाडला की व्हॉल्व्ह बदललेत. यात खोटं काहीच नव्हतं. सगुणबाबांनी वाजवलं. सुरांच्या कडा गेल्या, सगळं एकात एक मिसळून गुळाच्या पाण्यासारखं वाहू लागलं. परवापर्यंत जो आवाज घोगरा होता, तो ऐकून त्यांचे डोळे आपोआप मिटले.

“पळय,” ते म्हणाले, “हे खरे व्हॉल्व्ह.”

गोकुळदास चिठ्ठी लिहायला बसला. ‘दोष: सापडला. दुरुस्त केला नाही.’ दोरा ओवला. मग वाचून पाहिली, घडी घातली आणि खिशात टाकली. त्या दुकानातून बिनचिठ्ठीची वस्तू प्रथमच बाहेर पडली, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

समारंभ झोकात झाला. गिटारीवरचं पद कोणतं, ते कुणालाच ओळखता न आल्यामुळे वादाचा प्रश्नच आला नाही. दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवल्या. मग सगुणबाबांनी गोकुळदासला मंचावर बोलावून घेतलं, शाल-श्रीफळ दिलं आणि डिचोलीत प्रामाणिक कारागीर म्हणून हा एकच उरला आहे, असं माईकवरून सांगितलं. पहिल्या रांगेत धाकू टाळ्या पिटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा रेडिओ परत आला.

समारंभाच्या रात्री घरी आल्यावर कमलाक्षीने विचारलं, शाल कुठे ठेवू? गोकुळदासने तिच्या हातून शाल घेतली, खिशातून चिठ्ठी काढली आणि शालीच्या गोंड्याला दोऱ्याने नीट बांधली.

कमलाक्षीने चिठ्ठी वाचली. मग ती आतल्या बाजूला जाईल अशी घडी घालून शाल ट्रंकेत तळाशी ठेवली.