राक्षसाच्या डोक्यातला वास

आज सकाळी ओलसर हेल्मेट डोक्यात घातलं आणि लगेच काढलं. कुबट स्पंज आणि शिळा घाम, तोच वास. कॉलेजात असताना मालवणजवळच्या एका मुलांच्या पार्कात मी स्पंजचं मोठं डोकं चढवून परीकथेतला हसरा राक्षस व्हायचो. त्या राक्षसाच्या डोक्याला आतून हाच वास होता.

आमच्या गावच्या दशावतारात मुकुट चढवण्याआधी हात जोडतात. म्हणून पहिल्या दिवशी मीही त्या स्पंजच्या डोक्याला नमस्कार केला. माझ्याबरोबर आळीपाळीने राक्षस होणारा बबन खो खो हसला. "पाया कसल्या पडतंस रे? आधी नाक धर!"

आतलं चिकट अस्तर गालांना लागत होतं. एका मुलीने राक्षसाच्या जाळीच्या तोंडात चाटलेलं आइस्क्रीम कोंबलं. ते माझ्या ओठांवरून हनुवटीवर ओघळलं. मुलांसमोर डोकं काढलं तर काम जाणार होतं, आणि त्या कामावरच माझं शिक्षण चाललं होतं. घशाशी आलेली ओकारी मी गिळली. मुलं टाळ्या वाजवत होती.

पाळी संपल्यावर मी पार्कच्या मालकांना भीत भीत विचारलं, "एकदा धुऊया का?"

"धुतला तर रंग जातलो. वास आत रवता, पोरांका खंय येता?"

त्या कामाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण आता वासापेक्षा, वास आतच राहतो, पोरांना कुठे येतो, या वाक्याचीच शिसारी येते. त्या दिवशी माझ्यानंतर बबनची पाळी होती; त्याने या वेळी थट्टा केली नाही. ते बरबटलेलं डोकं त्याने तसंच चढवलं. जाळीतून त्याचे घट्ट मिटलेले ओठ दिसले, आणि त्यांच्याभोवती राक्षसाचं रंगवलेलं हसू.