यमुनेच्या धुक्यात एक टाळी जास्त

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारायची तसदी घेतली नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरीत माणसाला मत न बनवता सही करून कागद पुढे सरकवायची सवय लागते. देवाचं प्रकरण मी तसंच पुढे सरकवत आलो होतो. माझी बायको वासंती हिला कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा ते प्रकरण फिरून माझ्याच टेबलावर येऊन पडलं.

त्या दिवसांत फरीदाबादच्या आमच्या घरी औषधांपेक्षा उपाय जास्त आले. कोणी अंगारा पाठवला, कोणी ताईत, कोणी फोनवरून ऐकायचा जप. एका हितचिंतकांनी तर आम्हाला गाडीत घालून छतरपूरच्या बाजूला एका फार्महाउसवर सत्संगाला नेलं. तिथे चपला काढायलासुद्धा दोन जागा होत्या, एक साध्या भक्तांसाठी आणि एक विशेष भक्तांसाठी. महाराज वैराग्यावर बोलत होते आणि त्यांच्या मागे रंग बदलणारे दिवे लागत होते. मोहाच्या त्यागाचा मुद्दा आला तेव्हा दिवे गुलाबी झाले. वासंतीनं डोक्याचा रुमाल सारखा केला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अहो, यांचे हिरवे दिवे केव्हा लागणार? म्हणजे आपल्याला निघता येईल." आम्ही घरी येऊन मऊ भात खाल्ला. देवाशी माझे संबंध त्या सुमाराला असे होते.

उपचार पार पडले. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. पण आजार तिच्या अंगातून निघाला तो माझ्या अंगात शिरला. ती अंघोळीला गेली की मी दाराबाहेर घुटमळायचो. ती जिना उतरू लागली की एक पायरी खाली मी. ती शिंकली तरी माझ्या हातातला पेपर खाली यायचा. "तुम्ही माझ्याकडे असं बघता," ती एकदा म्हणाली, "की मी काचेचं भांडं आहे आणि तुम्हाला मला परत दुकानात द्यायचंय." मी हसलो, पण बघणं काही थांबलं नाही. मला खरंच वाटायचं, की माझी नजर हटली तर ही जाईल. याला श्रद्धा म्हणावं की अंधश्रद्धा, ते वाचकांनी ठरवावं. मला मात्र तेव्हा ती निव्वळ जबाबदारी वाटत होती.

शस्त्रक्रियेनंतर तिच्या उजव्या हाताला सूज यायची. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितला. त्यांच्या मनात रबरी चेंडू होता, वासंतीच्या मनात समुद्र. ती मालवणची. लग्न होऊन दिल्लीकडे आली त्याला आता जन्म लोटला, पण पाण्याजवळ गेली की अजूनही तिची चाल बदलते. तिच्या बहिणीचा मुलगा निखिल गुडगावला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा पुण्याचा मुलगा दर रविवारी पहाटे एका क्लबबरोबर यमुनेत कयाक चालवतो. कयाक म्हणजे लांबट, चिंचोळी, तोल सांभाळत दुहेरी वल्ह्यानं हाकायची होडी. त्यानं ती गोव्याहून ट्रकवर टाकून मागवली होती.

"मावशी, समुद्र तर इथे नाही यार," तो म्हणाला, "पण बोट समुद्राची आहे. चलेगा?"

"बिल्कुल चलेगा," वासंती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता उठून गेली. ती माझ्याकडे बघत नाही तेव्हा निर्णय झालेला असतो.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, हे मला अजून समजलेलं नाही. पावसाळा संपल्यापासून ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिकत होती आणि मी टॉवेल आणि थर्मास घेऊन धक्क्यावर उभा राहत होतो. माघात एका रविवारी ती पहिल्यांदाच मोठ्या पाण्यात, नदीच्या वळणापर्यंत जाणार होती. मी म्हटलं, मीही येणार. निखिलनं क्लबची दोघांची कयाक काढली, मला पुढे बसवलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही फक्त बसा. वल्हं शोभेला धरा."

दिल्लीकर यमुनेकडे पुलावरून, गाडीच्या काचा वर करून बघतो. वजिराबादच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र तीच नदी अशी असते, की ओळख पटू नये. पहाटेचं पाणी शिशासारखं करडं आणि जड होतं. वाफ त्याच्यावर पातळ तरंगत होती आणि त्या वाफेत पांढरे पाहुणे पक्षी एकमेकांशी भांडत होते. आमचे प्रशिक्षक रावतसर नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बंधाऱ्याबद्दल एकच नियम सांगितला. "बॅरेज की तरफ कोई नहीं जाएगा. पानी वहाँ चुपचाप खींचता है." निघालो तेव्हा दोन्ही किनारे दिसत होते. पुढे वासंती एकटी आपल्या कयाकमध्ये होती, पाठ ताठ, वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिच्या वल्ह्यावरून ओघळणारं पाणी ऐकू येत होतं, इतकी शांतता होती. गाड्या नाहीत, भोंगे नाहीत. शहर कुठेतरी मागे झोपलेलं आणि आम्ही त्याच्या स्वप्नातून चाललेलो. मी कितीतरी दिवसांनी काही मोजत नव्हतो, काही तपासत नव्हतो. नुसता बघत होतो.

मग धुकं आलं. ते उतरलं नाही, पाण्यातूनच उठल्यासारखं आलं. आधी पलीकडचा किनारा गेला, मग अलीकडचा, मग रावतसरांची नारिंगी बोट. शेवटी वासंतीची पाठ गेली. एका वल्ह्याला ती होती, दुसऱ्याला नव्हती. नदीचा समुद्र झाला. वर, खाली, चहूबाजूंना एकच दुधी रंग, आणि त्यात आमची बोट तरंगते आहे की लोंबकळते आहे तेही कळेना.

"सब जहाँ हैं वहीं रुको!" रावतसरांचा आवाज आला, पण कुठून ते समजलं नाही. शिट्ट्या वाजू लागल्या. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला शिट्टी असते आणि त्या सगळ्या एकदम, सगळीकडून वाजत होत्या. निखिल मागून म्हणाला, "मावशीची शिट्टी ऐका, काका. तिची जरा पातळ वाजते." आणि मला आठवलं, की तिनं ती धक्क्यावरच काढून माझ्या खिशात टाकली होती. गळ्याखाली, जिथून औषधाची नळी घातली होती, तिथे ती टोचत होती म्हणून. मी खिशात हात घातला. शिट्टी होती.

मी हाक मारली. निखिल ओरडत होता, "मावशी! ओ मावशी!" आणि धुकं आमचे आवाज कापसासारखं गिळत होतं. "उजवीकडे गेली असणार," तो म्हणाला. "प्रवाह तिकडे आहे. वळवतो." मी नुसता बसलो होतो. या क्षणी माझ्या मनात देव आला, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण तो आला नाही. मला एवढंच कळलं, की माझ्या पहाऱ्याचा काही उपयोग नाही, कधीच नव्हता. तिला धरून ठेवणारा मी कोणीही नाही. आतून काहीतरी सुटलं. आणि माझा तळहात आपोआप बोटीच्या कडेवर पडू लागला.

काही वेळानं लक्षात आलं, की मी आरतीचा ताल धरला आहे. आमच्या कॉलनीत महाराष्ट्रातून आलेली सरकारी कुटुंबं मिळून गणपती बसवतात. वासंती पुढे उभी राहून झांज वाजवते, मी मागे भिंतीला टेकून टाळ्या वाजवतो, कारण मला गाता येत नाही. वाजवताही येत नाही. पहिल्या वर्षी आरती संपली, सगळे थांबले आणि माझी एक टाळी जास्त पडली. लोक वळून हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली, तेव्हा वासंतीनं माझ्या टाळीबरोबर झांजेचा एक ठोका जोडून दिला, जणू ती आमच्याकडची पद्धतच. तेव्हापासून ती पद्धतच झाली आहे. आता अख्खी कॉलनी शेवटी एक टाळी जास्त वाजवते, आणि दिल्लीत वाढलेल्या मुलांना वाटतं की महाराष्ट्रात असंच असतं.

मी बोटीवर तोच ताल वाजवला, शेवटच्या जास्तीच्या टाळीसकट, आणि थांबलो.

धुक्यातून उत्तर आलं. उजवीकडून नाही, डावीकडून. तोच ताल, संथ, कोणीतरी ओल्या लाकडावर वाजवावा तसा. सगळा ताल पुरा झाला, क्षणभर थांबला, आणि एक टाळी जास्त पडली.

"मावशी!" निखिल ओरडला. "काका, डावीकडे आहे ती! वाजवत राहा!" त्यानं बोट फिरवली. मी वाजवलं, उत्तर आलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा आलं, थोडं जवळून. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आम्ही कुठे जात आहोत हे दिसत नव्हतं आणि मला भीती वाटत नव्हती. हे मी पुन्हा लिहितो, कारण माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही: मला भीती वाटत नव्हती.

एकाएकी समोर पाणकणसांच्या उंच गवताचं बेट आलं आणि त्यात अडकलेली वासंतीची बोट. बोट एका अंगाला कलली होती, आत पाणी शिरलं होतं. वल्हं जलपर्णीत कुठेतरी गेलं होतं. ती दोन्ही हातांनी गवताचे झुबके धरून होती, दुखऱ्या हातानंसुद्धा. बोटं निळी पडली होती. झुबका सुटला असता तर बोट मोकळी होऊन बंधाऱ्याकडे निघाली असती.

"आलात?" ती म्हणाली. दात वाजत होते. "किती वेळ लावलात. मला वाटलं, आरती संपवूनच येताय."

निखिलनं तिची बोट आमच्या बोटीला बांधली, आतलं पाणी उपसलं. तिचं वल्हं जलपर्णीतून ओढून काढलं. मी तिचे हात माझ्या मफलरमध्ये गुंडाळले. "बरं झालं, तू उत्तर दिलंस," मी म्हटलं. "नाहीतर आम्ही उलट्या दिशेला निघालो होतो."

"मी?" तिनं मफलरमधले हात वर केले. "मी कशानं वाजवणार? हात सोडला असता तर इथे दिसले असते का?"

निखिल उपसता उपसता थांबला. "मावशी, मजाक नको. आम्ही दोघांनी ऐकलं."

"ऐकलं मीही. पण मला वाटलं, तुम्ही दोघं वाजवताय." ती माझ्याकडे बघत होती. "एक तुम्ही, तिकडून. आणि एक जण इथेच, माझ्या पाठीशी. अगदी जवळ. मान वळवता येत नव्हती म्हणून बघितलं नाही. पण त्यामुळेच तर धरून राहिले."

तिच्या पाठीशी पाणकणसं होती आणि त्यांच्यामागे धुकं. मी बराच वेळ तिकडे बघितलं. एक पाणकोंबडी बाहेर आली, आमच्याकडे दुर्लक्ष करून निघून गेली.

नंतर धक्क्यावर रावतसरांना विचारलं. "धुंध में होता है, सर," ते म्हणाले. "आवाज़ घूमकर आती है." निखिलनं त्यावर बराच विचार केला. प्रतिध्वनी यायला भिंत लागते आणि त्या बाजूला गवताशिवाय काही नाही, असं त्याचं म्हणणं. बुडालेली एखादी फळी लाटेनं वाजत असेल, असंही तो म्हणतो. असेल. फळीला आमच्या कॉलनीची पद्धत कशी ठाऊक, एवढंच विचारायचं राहतं. पण मी ते विचारत नाही. माझी जन्मभराची सवय प्रत्येक कागद सही करून पुढे सरकवायची. हा एक कागद मी कोरा ठेवला आहे.

मात्र त्या सकाळचं खरं देणं मला धक्क्यावर पोचण्याआधीच, तिथे पाण्यात मिळालं. धुकं विरळ होऊ लागलं होतं. सूर्य दिसत नव्हता, पण पाणी आतून उजळल्यासारखं पिवळसर झालं होतं आणि पांढरे पक्षी त्या उजेडात उतरत होते. निखिल म्हणाला, "मावशी, तुझी बोट बांधलेलीच राहू दे. आम्ही ओढून नेतो." मी मान हलवणारच होतो.

"दोरी सोड," वासंती म्हणाली. "माझं मी येते."

निखिलनं माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: तिचा हात, थंडी, डॉक्टर, बंधारा. इतके दिवस हीच माझी प्रार्थना होती आणि ती मी तिच्यावर लादत आलो होतो. पण थोड्याच वेळापूर्वी, मी जिथे पोचू शकत नव्हतो तिथे, कोणीतरी तिच्या पाठीशी बसून होतं. मी नव्हतो, तरी ती एकटी नव्हती. मला देव समजला असं मी म्हणत नाही. मला माझी जागा समजली. ती बरीच लहान निघाली, आणि तिथे बसायला फार हलकं वाटलं. ज्यानं कोणी ती दाखवली, त्याच्यापुढे मी त्या बोटीतच, वल्हं मांडीवर ठेवून, हात जोडले. निखिलला वाटलं, मी हात चोळतोय.

दोरीची गाठ माझ्या बाजूला होती. ओली झाल्यामुळे ती घट्ट बसली होती. मी ती सोडवली. वासंतीनं वल्हं उचललं, एकदा डावीकडे घातलं, एकदा उजवीकडे, आणि आमच्यापुढे निघून गेली. समोर धुक्याचा एक पट्टा अजून उरला होता. ती त्यात शिरली, दिसेनाशी झाली. मी निखिलला बोट हळू घ्यायला सांगितलं.