रडलं तर दार उघडायचं नाही

मी चौथीपर्यंत शिकलेलो. जेवढं लिहिता येतं तेवढं लिहितो. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून कागदाशी बोलतो.

हे पाचोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथलं. ऐंशी सालानंतरचं. मी कापसाच्या जिनात गाठी उचलायला होतो. सकाळी सायकलवर टांग मारायची, ते दिवस मावळल्यावर घरी. एकुलती पोरगी धुळ्याला दिलेली. घरात बायको एकटी आणि तिचा खोकला. पोरीनं बोलावलं म्हणून धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. त्यानं छातीचा फोटो काढला, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "यांना एकटं ठेवू नका." आणखी जे बोलला ते मी तिला सांगितलं नाही. पण मी आत आलो तशी ती माझ्या तोंडाकडे पाहून उठली. म्हणाली, "चला, बस निंघी जाई."

एकटं ठेवू नका म्हणे. मग गाठी काय डॉक्टर उचलणार होता?

त्याच सुमाराला गल्लीतली काळी कुत्री आमच्या ओट्याखाली व्याली. बाकीची पिल्लं कोणी नेली, काही मेली. एक राहिलं. काळंच, कपाळावर पांढरा ठिपका. ते बायकोच्या मागे लागलं. ती भाकरी थापायला बसली की तिच्या गुडघ्याला टेकून बसायचं. ती खोकली की कान उभे करायचं. मी कामावरून यायचो तर ती त्याच्याशी गप्पा मारत असायची. हसायची. मी तिला हसताना बऱ्याच महिन्यांनी पाहत होतो.

मग खळ्याकडे एक कुत्रं पिसाळलं. गुरांना चावलं, एका म्हातारीला चावलं. ग्रामपंचायतीनं दवंडी दिली. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला गावात विषाच्या गोळ्या टाकणार, ज्याचं कुत्रं त्यानं कोंडून ठेवावं, मागून बोंबलू नये. दवंडीवाला आमच्या ओट्यासमोर उभा राहून पिल्लाकडे पाहत पुन्हा एकदा ओरडला. बायकोनं त्याला उचलून पदराखाली घेतलं. मला तेव्हाच कळलं, हे गेलं तर ही जेवायची नाही.

दोरीनं बांधलं तर दोरी चावून तोडायचं. घर आमचं एका खोलीचं, दाराच्या फळ्या खालून कुजलेल्या, त्यातून ते सहज निसटायचं. म्हणून मी किराणावाल्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, ते पत्र्याच्या कडांचं असतं ते. एका बाजूला बांबूच्या कामट्यांचं दार केलं, तारेची कडी लावली. पिल्लू आत घातलं आणि कडी लावली.

आणि ते रडायला लागलं.

भुंकणं वेगळं, केकाटणं वेगळं. हे तोंड वर करून लांब सूर काढायचं. मी काही फार देवधर्माचा माणूस नाही, पण कुत्रं असं रडलं की घरातलं कोणीतरी जातं, हे लहानपणापासून ऐकलेलं. शेजारची अक्का धावत आली. आमच्यात कुत्रं रडलं की दारातली चप्पल उलटी करतात, म्हणजे ते गप्प होतं. अक्कानं माझी चप्पल उलटी केली. पिल्लू रडतच होतं.

"भाऊ, सोड त्याले आधी! हाई कुत्रं कोनले तरी लई जाई, सांगी ठेवस."

बोलताना तिची नजर माझ्या बायकोवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. मी कडी काढली. पिल्लू बाहेर आलं आणि शेपूट हलवत बायकोच्या मांडीत जाऊन बसलं.

रोज हेच चाललं. मी कोंडायचो, ते रडायचं, अक्का यायची, चप्पल उलटी व्हायची, मी दार उघडायचो. एकदा तर माझ्या चपलेनं भागलं नाही म्हणून अक्कानं स्वतःचीही उलटी केली आणि अनवाणी घरी गेली. पिल्लू दिवसेंदिवस जास्त रडायला लागलं. नुसतं खोकं दिसलं तरी सूर काढायचं. बाजार जवळ येत होता.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "दार कोन उघाडस?"

"मी. आणखी कोण?"

"कव्हय उघाडतस?"

"ते रडतं तेव्हा. अक्का डोकं खाते."

"मंग रडाले तुम्हीच शिकाडं त्याले," ती म्हणाली. "पोरगी झोळीमा रडे, तव्हय तुम्ही असंच करेत. आते तुम्ही मधमा पडू नका."

तिनं खोक्याचं दार काढूनच टाकलं. खोक्यात स्वतःचं जुनं लुगडं अंथरलं. दुधात कुस्करलेली भाकरी आत ठेवायला लागली. पिल्लू मान आत घालायचं, खायचं, पळायचं. मग अर्धं अंग आत. मग तिथेच झोपायला लागलं. मग तिनं दार पुन्हा बसवलं. ते खात असताना लावायचं, खाणं संपायच्या आत उघडायचं. हळूहळू जास्त वेळ. रडलं तर ती तिकडे पाहायचीच नाही. गप्प झालं, जरा तसंच राहिलं, की उठून कडी काढायची आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची.

पहिल्या दिवशी ते रडलं तशी अक्का आलीच. "व माय, मरणले बोलावी ऱ्हायनी का तू?"

"अक्का, बस. च्या ले," बायको म्हणाली. "मले जावानं व्हई तव्हय मी जासू. त्या पिल्लाले कसाले बोलतीस?"

अक्का चहा न घेता गेली. मी बाहेर ओट्यावर बिडी पेटवली, ती हातातच विझली.

बाजाराच्या दिवशी मी जिनातून लवकर आलो. पिल्लू खोक्यात होतं, कडी लावलेली, आवाज नाही. दिवेलागणीला पंचायतीची माणसं बादली घेऊन गल्लीतून गेली. जाताना एक जण हसून म्हणाला, "आबा, तुमचं सांभाळा." थोड्या वेळानं गल्लीच्या टोकापासून कुत्र्यांचं ओरडणं सुरू झालं. मी बाहेर डोकावलो. प्रत्येक दारात चपला उलट्या पडलेल्या.

आमच्या दाराला खरवडल्याचा आवाज आला. काळी कुत्री होती, पिल्लाची आई. रोज त्या वेळेला शिळ्या तुकड्यासाठी यायची. मी फटीतून पाहिलं. तिचे मागचे पाय तिचे राहिले नव्हते. तोंडाला फेस.

खोक्यात पिल्लू उठून उभं राहिलं. त्याला वास आला होता. नाक कामट्यांना लावलं, सगळं अंग थरथरत होतं. पण ते दाराकडे पाहत नव्हतं, बायकोकडे पाहत होतं. एक आवाज काढला नाही. गप्प राहिलं की दार उघडतं, हे ते शिकलं होतं. ते वाट पाहत होतं.

बायकोचा हात कडीवर होता. तिनं कडी काढली नाही.

"देखा ना," ती मला म्हणाली, "कसं गप बठेल शे." आणि खोकायला लागली ती थांबेचना.

बाहेरचं खरवडणं थांबलं.

सकाळी गाडीवाला मेलेली कुत्री उचलून घेऊन गेला, मग बायकोनं खोक्याचं दार उघडलं. पिल्लू उंबऱ्यापाशी गेलं, ओट्यावरची जागा बराच वेळ हुंगली आणि परत येऊन आपणहून खोक्यात बसलं. ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली. म्हणाली, "आते रड ना रे बाबा. आते रड."

ते रडलं नाही.

त्यानंतर थंडीत ती गेली. तिला बाहेर ठेवलं होतं, लोक जमले होते. अक्का येऊन सवयीनं माझ्या चपलेकडे वाकली, मग कुत्र्याचा आवाजच नाही हे लक्षात येऊन तशीच वाकलेली राहिली आणि स्वतःच मोठ्यानं रडायला लागली.

तिला नेलं. आम्ही नदीवरून परत आलो तरी कुत्रं खोक्यात बसलेलं होतं, तिच्या लुगड्यावर, मान ताठ, डोळे दारावर. कामट्यांचं दार सताड उघडं होतं. मी हाक मारली, ते आलं नाही. अंधार पडेपर्यंत ते तसंच बसून राहिलं, शहाण्यासारखं, एक आवाज न काढता.