माळावरचे डोहाळे

आमच्या पेठेत पोटुशी बाईला माळावर फिरवून आणायची टूम निघाली ती माझ्यामुळं. पुढं कुणाला ओढ्याकाठची वाट हवी असायची, कुणाला हरणं बघायची असायची, कुणाच्या पायाला सूज म्हणून अर्धी वाट गाडीतून. जिची तिची सहल तिच्या मापानं बेतून द्यायचं काम आमच्या सासूबाईंकडे आणि घोंगडीवाल्या मामांकडे आलं. आता तो माळ बराचसा नांगराखाली गेला आणि त्या दोघांपैकीही कुणी राहिलं नाही. पण पहिली सहल माझी होती, आणि ती आठवली की अजून जिभेला आंबट पाणी सुटतं.

तेव्हा मी सोलापुरात नवी होते. माहेर माढ्याकडचं, माळाच्या कडेला. तिथं दार उघडलं की आभाळ दिसायचं. इथं दार उघडलं की समोरच्या घराचं दार. पहाटे गिरणीचा भोंगा, दिवसभर शेजारच्या तेलुगू विणकरांच्या मागांची खटखट. घर वाईट नव्हतं, माणसं तर नव्हतीच नव्हती. पण छाती भरून श्वास घेतला असं काही वाटेना.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडे तशीच रीत. सासरे मी यायच्या कितीतरी आधी गेलेले. आत्याबाईंची पाच बाळंतपणं झाली, त्यातले आमचे हे तेवढे राहिले. बाई कामाला वाघ आणि जिभेनं तिखट. मला दिवस गेल्याचं कळलं तसा त्यांनी नेमच धरला. सकाळी चूल पेटवायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या.

"काय खाऊ वाटतंय गं तुला?"

मला काहीच खावंसं वाटत नव्हतं. चिंचेचं गाडगं तर फडताळातून काढून त्यांनी माझ्या हाताशीच ठेवलं होतं. मी त्याकडे बघतही नव्हते. आणि इकडे त्या गल्लीभर सांगून बसलेल्या, की माझ्या सुनेचा एक डोहाळा मागं ठेवायची न्हाय. सून काही मागेल तर ना! त्यांची मोठी पंचाईत झाली होती.

पाचवा महिना लागला आणि पौषातल्या एका सकाळी मी एकदाची बोलले.

"खायला कायबी नको. माळावर चालू वाटतंय. बोरीपाशी जाऊन माझ्या हातानं बोरं तोडू वाटतंय."

आत्याबाईंच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. "बोरं बाजारात ढिगानं हायत की."

"बाजारातली नकोत."

"पोटुशी बाई कुटं रानात जाती व्हय? वारं लागंल, काय लागंल."

झालं, अबोला सुरू. पण त्या स्वतःच्याच बोलण्यात अडकल्या होत्या. डोहाळा मारला तर पोराची लाळ थांबत नाही, हे मला त्यांनीच सांगितलेलं. मी भाकरी थापता थापता साळसूदपणे विचारलं, "आत्याबाई, ती लाळ किती वर्सं गळती हो?" त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी मान खाली घातली. पण संध्याकाळी ह्यांच्याकडून घोंगडीवाल्या मामांना निरोप गेला.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणात गेली. दर पौषात ती मला घेऊन बोरीला जायची. पुढं ती, मागं मी. माझ्या मनानं घेतलं होतं की माझंही तिच्यासारखंच होणार. तसं व्हायच्या आत एकदा तसलं रान बघून घ्यावं, एवढंच मला हवं होतं. रोज भीती वाटायची, आणि ती बोलून दाखवायला माणूस नव्हतं.

घोंगडीवाले मामा म्हणजे धनगर. दर थंडीला आमच्या घरी घोंगडी घेऊन यायचे. त्यांच्या मेंढरांचा तळ, म्हणजे त्यांच्या बोलीत वाडा, बार्शीच्या सडकेला माळावर पडलेला असायचा. ते ओट्यावर टेकले आणि आत्याबाईंशी वाटाघाटी सुरू झाल्या.

"आक्का, वैनी चालत्यात किती?"

"आडापातूर जाती न् येती."

"मंग आडाच्या हिशोबानंच बेतू की."

"वाटंला सावली पायजे."

"माळावर सावली? आपलीच पायात येती, तेवडी."

"तर मंग न्हाय जमायचं."

असं बराच वेळ चाललं. चढ नको, दगड नकोत, मऊ मातीची वाट हवी. उजाडताना बैलगाडीनं निघायचं, सडक सोडली की उतरून पायी. गाडी वळसा घालून मामांच्या वाड्यावर येईल. तिथं त्यांच्या बायकोच्या हातचं दूध आणि भाकरी, मग पलीकडच्या बोरी, मग गाडीत बसून घर. शिंप्यानं मापं घ्यावीत तशी दोघांनी माझी सहल बेतली, आणि जिच्यासाठी बेतली तिला कुणी एक शब्द विचारला नाही. ह्यांना गिरणीतून सुट्टी नव्हती. मामा आदल्या दिवशीच येऊन आमच्या ओट्यावर मुक्कामाला राहिले.

माळाला पाय लागला आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. गार वारा, पिवळं गवत, लुगड्याला चिकटणारी कुसळं. चंडोल वर जाऊन ओरडत होता. पुढं काठी घेऊन मामा, मध्ये मी, मागं पाण्याची चरवी घेऊन आत्याबाई. मामांनी हौसेनं मातीत उमटलेले लांडग्याचे पाय दाखवले.

"लांडगं दावायला आणलंय व्हय रं तुला?" मागून आवाज आला. त्यानंतर मामा फक्त पाखरं दाखवायला लागले.

वाड्याची जागा आली आणि मामा थांबले. तिथं वाडा नव्हता. लेंड्या होत्या, तीन दगडांची चूल होती, चुलीत गार राख होती. कुणा शेतकऱ्यानं बाजरी निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलं असणार, आणि मामा आमच्या ओट्यावर असताना त्यांच्या बायकोनं बिऱ्हाड हलवलं होतं. सगळी सहल ज्या घरावर बेतली होती, ते घरच चालायला लागलं होतं.

"न्हेला वाटतं वाडा," मामा शांतपणे म्हणाले. त्यांना त्यात नवल काहीच नव्हतं.

आत्याबाई मात्र भडकल्या. "तुजं घर तुला सापडंना, न् आमाला वाट दावतोस?" तेवढ्यात गाडीही येऊन पोचली. मामांनी खुरांचा माग पाहिला. वाडा ओढ्यापलीकडं गेला होता. बोरीही तिकडंच, आणि गाडी काही ओढा उतरू शकत नव्हती.

"फिरवा गाडी," आत्याबाई म्हणाल्या.

मी चुलीच्या दगडावर बसले आणि रडायला लागले. आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "आत्याबाई, माजी आय बाळंतपणात गेली. म्होरल्या पौषाला मी असंन का न्हाय, कुणास ठाऊक. मला आजच बघू द्या."

त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. मग गाडीवानाला म्हणाल्या, "बैलं सोड. आमी येतो चालून." आणि त्यांनी माझा हात धरला. त्यानंतर सावलीचं नाव त्यांनी काढलं नाही.

ओढा चढून वर आलो तर समोर हरणांचा कळप. मध्ये एक काळवीट, पाठ काळीभोर, शिंगं पिळदार. क्षणभर ती आमच्याकडे बघत उभी राहिली आणि मग एकेक उडी घेत निघून गेली. आत्याबाईंचा जन्म सोलापुरातला. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. "अगं बया," एवढंच त्या म्हणाल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की दुखायला लागला.

बोरी तांबड्यालाल झाल्या होत्या. काट्यांनी हात ओरबाडले तरी मी पदर भरून बोरं तोडली. पहिलं तोंडात टाकलं आणि आई आठवली, जशीच्या तशी. आत्याबाई खडकावर टेकल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि चेष्टेनं विचारलं, "तुमाला कसलं डोहाळं लागायचं हो, आत्याबाई?"

मला वाटलं, एक फटका मिळेल. पण त्या लुगड्याला चिकटलेली कुसळं काढत म्हणाल्या,

"आंबट. चिंच खाऊ वाटायची. पाची बारीला."

"मंग?"

"मंग काय? गाडगं फडताळातच हुतं. कुणी इचारलंच न्हाय. न इचारता सुनंनं हात कसा लावायचा?"

रोज सकाळी त्या मला का विचारत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

विधवेची ओटी भरत नाहीत. माझ्या डोहाळजेवणाला माझी ओटीसुद्धा शेजारीण भरणार होती आणि आत्याबाई आत चुलीपाशी बसणार होत्या. पण माळावर बघायला होतं कोण? मामा पाठमोरे उभे राहून वाड्याला हाका घालत होते.

"पदर पसरा," मी म्हटलं.

"खुळी का काय तू?"

"पसरा की."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पदर पसरला. मी माझ्या पदरातली सगळी बोरं त्यात ओतली. त्यांनी एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"लई आंबट हाय," म्हणाल्या, आणि दुसरं घेतलं.

वैशाखात मला मुलगी झाली. फार त्रास झाला, पण मी राहिले. डोळे उघडले तेव्हा उशाशी आत्याबाई होत्या, मुलगी त्यांच्या मांडीवर. डोळे रडून सुजलेले, पण विचारलं ते तेच.

"काय खाऊ वाटतंय गं तुला?"

"आदी तुमी सांगा," मी म्हटलं.